वसतिगृहाचे अण्णा : कर्मवीर भाऊराव पाटील

मंडळाच्या गेल्या वार्षिक सभेत कळमना येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उभारण्याचा ठराव संमत झाला, हे ज्ञातिबंधुभगिनींस विदित आहेच. ठराव एकमताने झाला. परंतु नियमावलीच्या मसुद्यातील प्रवेशाचे कलम वाचले गेले तेव्हा बराच वेळ चर्चा होऊन अखेर ते पुढील सभेवर टाकावे लागले. वसतिगृहात केवळ आपल्याच ज्ञातीची मुले घ्यावयाची, की थोड्या जागा इतर समाजांतील गरजू मुलांसाठीही राखावयाच्या, असा तो प्रश्न होता. दोन्ही बाजूंनी बोलणारी मंडळी मंडळाच्या कार्यात झिजलेलीच होती. आम्ही त्या दिवशी काहीच बोललो नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा मात्र ज्याचे सारे आयुष्य वसतिगृहाच्या चिंतेत गेले अशा एकाच पुरुषाचे नाव आमच्या मनात आले. ते नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. त्यांची कर्मभूमी सातारा. आपण राहतो नागपुरास. तरीही हे चरित्र आपल्या कळमन्याच्या वसतिगृहापासून दूरचे नाही, असे आम्हांस वाटते. ते का वाटते हे सांगण्यासाठी आमच्या स्वतःच्या वसतिगृहातील चार आठवणी आधी सांगावयास हव्यात. वाचकांनी तेवढी मुभा द्यावी.

सन १९६८ च्या उन्हाळ्याअखेरीस एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आईने भरून दिलेला चिवड्याचा डबा एवढा संसार घेऊन आम्ही कॉलेजच्या शिक्षणासाठी नागपुरातील एका वसतिगृहात दाखल झालो. समाजातील काही सज्जनांनी पदरमोड करून ते चालविले होते. त्याचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन नाही. एका खोलीत चौघे, भल्या पहाटे घंटा, हौदावर स्नान, आणि दोन वेळा वरण-भात, पोळी व एक भाजी असा तेथील क्रम होता. सणावारी वडाभात झाला तर आचाऱ्याची मनधरणी करून दुसऱ्यांदा तेलाची फोडणी मागून घेण्यात केवढा पुरुषार्थ वाटे! उन्हाळ्यात गच्चीवर ओळीने अंथरुणे पडत, आणि परीक्षेच्या दिवसांत दुपारी वाळ्याच्या ताटीवर पाणी मारण्याच्या पाळ्या लागत. पाळी चुकविणाऱ्यास रविवारी साऱ्या खोलीला तर्री-पोहे द्यावे लागत. एकाची मनिऑर्डर आली की ती चौघांची होई. एकास ताप आला की तिघे उशाशी बसत. घर सोडून आलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलास दुसरे घर मिळणे म्हणजे काय, हे ज्याने वसतिगृहात दिवस काढले त्यासच समजेल. आज पन्नासाहून अधिक वर्षांनंतरही त्या खोलीतील सोबत्यांची पत्रे आम्ही जपून ठेविली आहेत.

परंतु त्याच खोलीची आणखी एक आठवण आहे. आमच्या वर्गात भंडारा जिल्ह्यातून आलेला एक मुलगा होता. तो अन्य समाजाचा. त्यास शहरात कोठेच जागा मिळाली नव्हती. दोन महिने तो आमच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपला. भोजनगृहात तो येत नसे. आमच्या ताटातील पोळ्या आम्ही फडक्यात बांधून नेत असू. एके रात्री खोल्यांची पाहणी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यास वळकटी उचलावी लागली. नियम होता, त्याप्रमाणे झाले. त्यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. त्याने कळमना गावी एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेतली. आज कळमना म्हटले की धान्याच्या गोण्या, मिरचीचा ठसका आणि हंगामात संत्र्यांचे ढीग डोळ्यांसमोर येतात. त्या काळी तेथे शेते, गोठे, बाभळीची झाडे आणि कामठीकडे धडधडत जाणाऱ्या आगगाड्या एवढेच होते; पावसाळ्यात सायकल हातात धरून चिखल तुडवावा लागे. आम्ही दोनदा त्यास भेटावयास गेलो. त्याने स्टोव्हवर खिचडी शिजवून आम्हांस वाढली. तिसऱ्यांदा जाण्याचे धैर्य झाले नाही. कारण त्याच्यासाठी आम्ही व्यवस्थापकांपाशी एक शब्दही काढला नव्हता, हे त्यास ठाऊक होते आणि आम्हांसही. पुढील वर्षी तो वर्गात दिसला नाही.

भाऊरावांच्या चरित्रात वसतिगृहातून बाहेर पडण्याचा असाच एक प्रसंग आहे. त्यापासूनच त्यांच्या कार्याचा उगम झाला असे म्हणावयास हरकत नाही.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. त्यांच्या आईचे नाव गंगाबाई. घराणे मूळचे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथले. वडील महसूल खात्यात नोकरीस होते. त्यांच्या बदल्यांबरोबर मुलाचे शिक्षण या गावाहून त्या गावी होत राहिले. मुलगा अभ्यासात बेताचा, अंगाने धिप्पाड आणि स्वभावाने हूड होता. अस्पृश्यांस पाणी भरू देत नाहीत, म्हणून रागाच्या भरात त्याने विहिरीवरील रहाट मोडून टाकल्याची कथा त्यांचे चरित्रकार सांगतात.

सन १९०२ मध्ये त्यांस पुढील शिक्षणासाठी कोल्हापुरास पाठविण्यात आले. राजाराम हायस्कुलात नाव दाखल झाले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे माहेरघर होते. राजर्षी शाहू महाराजांनी आरंभी सर्व जातींच्या मुलांसाठी एकच वसतिगृह चालवून पाहिले होते. परंतु मागासलेल्या समाजांतील मुले तेथे टिकेनात. पालकांस धीर होईना, मुलांस आपलेपणा वाटेना. तेव्हा महाराजांनी दुसरा मार्ग धरला. ज्या त्या समाजाने पुढे यावे, आपल्या मुलांसाठी वसतिगृह काढावे आणि दरबाराने त्यास जागा, इमारत व वार्षिक नेमणूक देऊन हातभार लावावा, असे धोरण त्यांनी ठेविले. सन १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले. त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, दैवज्ञ, शिंपी अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. ज्ञातिसंस्थांच्या वसतिगृहांस नावे ठेवणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा. ती वसतिगृहे नसती, तर खेड्यांतील कित्येक पिढ्यांनी कॉलेजचे तोंडही पाहिले नसते. आमच्यासारख्यांचा तर प्रश्नच नव्हता.

सन १९०८ मध्ये महाराजांच्या प्रेरणेने अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभास तरुण भाऊराव हजर राहिले. परत आल्यावर जैन बोर्डिंगाच्या नियमाप्रमाणे त्यांनी स्नान करून शुद्ध व्हावे अशी अपेक्षा होती. भाऊरावांनी स्नान करण्याचे साफ नाकारले. बोर्डिंगाची शिस्त कडक होती. अशा मुलास ठेवून घेणे चालकांस शक्य वाटले नाही. भाऊरावांस बोर्डिंग सोडावे लागले. शाहू महाराजांस हे कळताच त्यांनी त्यांस राजवाड्यावर आश्रय दिला. तेथे महाराजांचा कारभार, त्यांची तालीम आणि सर्व थरांतील माणसांशी त्यांचे वागणे जवळून पाहावयास मिळाले. शाळेचे शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. पुढे ज्यांच्या नावाने शाळा, हायस्कुले व कॉलेजे निघाली, त्यांच्यापाशी मॅट्रिकचेही प्रमाणपत्र नव्हते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावयास हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. त्या जैन बोर्डिंगाच्या चालकांत प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे. ते विद्वान, करारी आणि समाजाच्या उन्नतीसाठी झटणारे गृहस्थ होते. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले व सन १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. सन १९१४ मध्ये कोल्हापुरात बादशहा एडवर्ड व राणी यांच्या पुतळ्यांस कोणीतरी डांबर फासले. लठ्ठे यांस त्यात गोवण्याचा घाट घातला गेला, आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून पोलिसांनी भाऊरावांस पकडून त्यांचा अनन्वित छळ केला. ज्यांच्या बोर्डिंगातून बाहेर पडावे लागले, त्यांचा सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. छळ असह्य होऊन कोठडीत त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. पण खोटे बोलले नाहीत. एका कलमावर मतभेद झाला म्हणजे मनुष्य शत्रू होतो, असे मानण्याची आपल्या सभांतून चाल पडली आहे. तिच्या शेजारी हा प्रसंग ठेवून पाहावा.

मधली काही वर्षे पोटापाण्याच्या उद्योगात गेली. साताऱ्यास त्यांनी शिकवण्या केल्या. पुढे किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव हिंडले. विक्रेत्याची ती भ्रमंती वाया गेली नाही. शेतकऱ्याच्या ओसरीवर मुक्काम करता करता त्यांस दिसले की, नांगर सुधारला तरी नांगरणाऱ्याचा मुलगा अंगठेबहाद्दरच राहतो. शाळा असेल तर ती तालुक्याच्या गावी. तेथे राहावयाचे कोठे आणि खावयाचे काय? शिक्षणाचा खरा अडसर पाटीपुस्तकांचा नसून भाकरीचा व निवाऱ्याचा आहे, हे त्यांनी ओळखले. अशाच भ्रमंतीत त्यांस ज्ञानदेव घोलप नावाचा एक अस्पृश्य मुलगा वर्गाच्या बाहेर बसून शिकताना दिसला. त्यास त्यांनी उचलून कोल्हापुरास आणले व मिस क्लार्क वसतिगृहात ठेविले. हेच घोलप पुढे डॉ. आंबेडकरांच्या मूकनायक पत्राचे संपादक झाले.

सन १९१० च्या सुमारास दुधगाव येथे काही मित्रांच्या साहाय्याने त्यांनी विद्यार्थी आश्रम काढून पाहिला होता. पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. संस्था म्हणजे आरंभी एक वसतिगृहच होते. सन १९२४ मध्ये त्यांनी आपला मुक्काम साताऱ्यास हलविला आणि तेथे निरनिराळ्या जातींच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलांस आपल्या घरी ठेवून घेतले. त्यात अस्पृश्य होते, मराठा होते, जैन होते, मुसलमान होते. सर्वांची चूल एक, पंगत एक. आज हे वाचताना कोणास त्यात विशेष वाटणार नाही. सन १९२४ मध्ये मात्र अशा घरात पाणी प्यावयासही पाहुणे कचरत.

या घराची गृहिणी होती लक्ष्मीबाई. भाऊरावांचे चरित्र लिहिणारे बहुतेक लेखक या माउलीस एक परिच्छेद देऊन पुढे जातात. आम्हांस तसे करणे योग्य वाटत नाही. त्या कुंभोजच्या सुखवस्तू पाटलांची लेक. माहेरचे संस्कार कर्मठ जैनांचे; सोवळेओवळे, उपासतापास, सूर्यास्तापूर्वी भोजन हे सारे अंगवळणी पडलेले. अशा स्त्रीच्या स्वयंपाकघरात नवऱ्याने एके दिवशी महारा-मांगांची मुले आणून बसविली आणि तुझी मुले समजून यांस वाढ, असे सांगितले. मनाला पीळ पडला नसेल असे आम्ही समजत नाही. परंतु काही काळातच सारी मुले त्यांस वहिनी म्हणू लागली, आणि त्याही त्यांच्या दुखण्याखुपण्यात रात्री जागवू लागल्या. पहाटे दळणाच्या पाळ्या लागल्या की वहिनी जात्याशी हजर असत.

संस्थेस सरकारी मदत नाही, ठेव नाही. मुठीमुठीने धान्य गोळा करून आणि भाऊरावांनी दारोदार हिंडून मिळविलेल्या देणग्यांवर चूल पेटे. जेव्हा ती पेटण्यासारखी नसे, तेव्हा वहिनींच्या अंगावरील एखादा दागिना सराफाकडे जाई. असे करता करता एक दिवस अंगावर मंगळसूत्राखेरीज काही उरले नाही. भाऊराव परगावी गेले होते. कोठीत धान्याचा कण नव्हता. मुले शाळेतून येण्याची वेळ झाली. तेव्हा वहिनींनी मंगळसूत्रही काढून दिले व त्या पैशांतून धान्य आणविले. ज्या काळी सौभाग्यवतीने क्षणभरही मोकळ्या गळ्याने राहणे अशुभ मानीत, त्या काळची ही गोष्ट आहे. ३० मार्च १९३० रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. पतीच्या कार्यास आलेला बहर पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. आमच्या मते, रयत शिक्षण संस्थेच्या संस्थापकांची नावे लिहावयाची झाली तर ती दोन लिहावी लागतील.

दिनांक २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यास आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एका पंगतीस बसलेली पाहून, आपणांस आश्रमात जे साधण्यास सायास पडले ते या खेडवळ माणसाने सहज करून दाखविले, असा अभिप्राय त्यांनी दिल्याचे सांगतात. बोर्डिंग पुढे धनिणीच्या बागेत गेले, आणि ती बाग हेच महाराष्ट्रातील हजारो विद्यार्थ्यांचे माहेर झाले.

त्या बागेतील दिनक्रमाची जी वर्णने तेथील जुन्या विद्यार्थ्यांकडून ऐकावयास मिळतात, ती वाचताना आमच्या नागपूरच्या खोलीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. फरक एवढाच की आम्हांस आचारी होता, तेथे मुले स्वतःच आचारी होती. पाणी भरणे, दळण दळणे, भाकरी थापणे, भांडी घासणे, झाडलोट करणे ही सारी कामे पाळीपाळीने सर्वांची. पाटलाचा मुलगा म्हणून कोणास सूट नव्हती, आणि अस्पृश्याचा मुलगा म्हणून कोणास चुलीपासून दूर ठेवीत नसत. जी भाकरी ज्याने थापली ती सर्वांनी खाल्ली. जातिभेदावर व्याख्याने देण्याची भाऊरावांस फारशी गरजच पडली नाही; भुकेल्या मुलांची पंगत हेच त्यांचे व्याख्यान होते. सुटीत मुले शेतावर, बांधकामावर, रस्त्यांवर राबत आणि वर्षाचा खर्च मिळवीत. कमवा आणि शिका ही जी योजना आज सर्वत्र ठाऊक आहे, तिचा पाया येथे घातला गेला.

मुले भाऊरावांस अण्णा म्हणत. उंच बांधा, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि अनवाणी पाय, ही मूर्ती साताऱ्याच्या रस्त्यावरून येताना दिसली की खोडकर मुलांची धांदल उडे. अण्णांचा राग जबर होता. काठी उगारली जाई, क्वचित बसेही. पण मार खाल्लेल्या मुलाच्या अंथरुणाशी रात्री येऊन त्याच्या अंगावरील पांघरूण सारखे करणारेही तेच. या दोन्ही गोष्टी तेथील विद्यार्थी सारख्याच प्रेमाने सांगत. त्यांपैकीच बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे विलायतेस जाऊन आले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

पुढील विस्ताराची हकीकत थोडक्यात सांगतो. पुणे करार झाला त्या सन १९३२ मध्ये पुण्यास युनियन बोर्डिंग निघाले. सन १९३५ मध्ये साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. खेड्यांत शाळा काढावयाच्या तर खेड्यांत राहणारे शिक्षक हवेत, असा त्यामागील विचार होता. सन १९४० मध्ये सयाजीराव महाराजांच्या नावाचे, फी न घेणारे व निवासाची सोय असलेले हायस्कूल निघाले. सन १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज स्थापन झाले. गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. याच सुमारास मुंबई सरकारशी बेबनाव होऊन संस्थेचे अनुदान बंद पडले. भाऊरावांची जीभ तिखट होती, आणि तिची किंमत संस्थेस मोजावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

या अडचणीच्या काळात त्यांच्या पाठीशी जे उभे राहिले ते आपल्या वऱ्हाडचे होते, हे सांगताना आम्हांस अभिमान वाटतो. संत गाडगे महाराज हे अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे. स्वतः निरक्षर, हातात खराटा, डोक्यावर गाडगे. गावोगाव धर्मशाळा बांधणारा हा अवलिया देवळाच्या कळसापेक्षा मुलाच्या हातातील पाटीस मोठे मानी. भाऊरावांच्या वसतिगृहात त्यास आपलेच काम दिसले. संस्थेचे अनुदान सुरू व्हावे म्हणून गाडगेबाबांनी मुख्य मंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे शब्द टाकला, आणि तो वाया गेला नाही. सन १९५४ मध्ये कऱ्हाडास संस्थेचे कॉलेज निघाले तेव्हा त्यास सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. ज्याने शाळेची पायरी चढली नाही त्याचे नाव कॉलेजास, आणि ते देणारा मॅट्रिकही न झालेला! आमच्या नागपूर-अमरावतीकडे डॉ. पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्थेद्वारा असेच कार्य केले. त्यांच्या चरित्रास स्वतंत्र लेख हवा, तो पुढील स्मरणिकेत कोणी लिहावा.

सन १९५९ च्या आरंभी भारत सरकारने भाऊरावांस पद्मभूषण ही पदवी दिली, आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने त्यांस डी. लिट्. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. तोवर शरीर थकले होते. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या मृत्युसमयी संस्थेची ३८ वसतिगृहे, शंभरावर हायस्कुले आणि तीन कॉलेजे चालू होती, असे सांगतात. साताऱ्यास त्यांची समाधी आहे. आज संस्थेच्या शेकडो शाखा महाराष्ट्रात व कर्नाटकात पसरल्या आहेत.

आम्ही काही वर्षांपूर्वी साताऱ्यास गेलो होतो. समाधीपाशी उभे असता आम्हांस आठवला तो कळमन्याच्या खोलीत स्टोव्हपाशी उकिडवा बसून खिचडी ढवळणारा मित्र. तो आज कोठे आहे, आहे की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. भाऊराव त्याच्या वयाचे असताना त्यांच्या मागे राजवाडा उभा राहिला. त्याच्या मागे त्याच्या खाटेशेजारचा सोबतीदेखील उभा राहिला नाही.

प्रवेशाचे कलम येत्या वार्षिक सभेपुढे पुन्हा येत आहे. ज्या सभासदांस सभेस हजर राहणे शक्य नाही, त्यांनी आपले मत लेखी स्वरूपात मंडळाच्या कार्यालयाकडे सभेपूर्वी पोहोचते करावे, अशी चिटणिसांची विनंती आहे. आम्ही आमचे पत्र दिले आहे. नियोजित इमारतीतील एका खोलीच्या बांधकामाचा खर्च सोसण्याचे आम्ही कबूल केले असून, त्या खोलीत राहावयास येणाऱ्या मुलाच्या अर्जात जातीचा रकाना नसावा, एवढी एकच अट त्यात घातली आहे. खोली कळमन्याच्या रेल्वेमार्गाच्या बाजूस असली तरी चालेल.